पायातली गुठळी, फुप्फुसाची भीती आणि पहिले एकवीस दिवस

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय ६२. डाव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया होऊन अठरा दिवस झाले. पोटरी सुजून टणक झाली म्हणून डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) केला, तर गुडघ्यामागच्या शिरेपासून मांडीपर्यंत गुठळी दिसली. पाच दिवसांपासून रिव्हरोक्साबॅन हे गोठणविरोधी औषध १५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. आत्या म्हणतात कोमट तेलाने चोळून जिरवू, शेजारचे म्हणतात अंथरुणातून उठूच देऊ नका, आणि भाऊ शिकागोहून विचारतोय की ठरल्याप्रमाणे दीड महिन्याने आईला आणू ना. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर, या विचाराने तुम्हाला रात्री झोप येत नाही. तुम्हालाही पुढे असं होईल का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय.

मी फिजिशियन आहे, सव्वीस वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतोय. आईचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे डोस बदलायचा किंवा थांबवायचा निर्णय तिच्या डॉक्टरांचाच. बाकी सगळं नीट सांगतो.

सर्वात आधी मालीश थांबवा. आजच. तो पाय कुणीही चोळायचा नाही, दाबायचा नाही, त्यावर गरम पिशवी ठेवून रगडायचं नाही. आपल्या बोलण्यात ‘नस’ म्हणजे रक्ताची शीरही आणि मज्जातंतूही. मग ‘नसेत काहीतरी अडकलंय’ ऐकलं की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. पण ताजी गुठळी ही शिरेच्या भिंतीला अर्धवट चिकटलेली, शेपटी मोकळी हलत असलेली, जांभळट लाल, लिबलिबीत वस्तू असते. वरून दाबलं की ती शेपटी तुटू शकते. प्लॅस्टर काढल्यावर सुजलेल्या पायाला घरच्यांनी प्रेमाने मालीश केली आणि गुठळी फुप्फुसात जाऊन तरुण मुलगा दगावला, अशी दिल्लीतली एक केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. आत्यांना दुखावू नका. त्यांना सांगा की केसांना, खांद्यांना, उजव्या हाताला तेल लावा, डावा पाय तेवढा सोडा.

आता ती सुटून फुप्फुसातच का जाते, मेंदूत किंवा हृदयाच्या झटक्यासारखी का नाही, ते पाहू. पायाकडून वर जाणाऱ्या शिरा ओढ्यांसारख्या असतात, पुढे पुढे रुंद होत जातात. गुडघ्यामागची शीर मांडीच्या शिरेला मिळते, ती ओटीपोटातल्या शिरेला, दोन्ही बाजूंच्या मिळून पोटातली महाशीर होते आणि ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडते. या सगळ्या वाटेत कुठेच अरुंद जागा नाही. मांडीतून निसटलेला बोटभर तुकडा विनाअडथळा उजव्या हृदयातून पुढे ढकलला जातो आणि पहिल्यांदा अडतो तो फुप्फुसाच्या धमन्यांमध्ये, कारण तिथून फांद्या बारीक होत जातात. छोटा तुकडा असेल तर फुप्फुसाचा एखादा कोपरा अडतो, श्वास घेताना कुशीत चमक मारते. मोठा असेल तर उजव्या हृदयापुढे दार लावल्यासारखं होतं, रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये जन्मापासून छोटं भोक राहिलेलं असेल, तर क्वचित तुकडा डावीकडे जाऊन मेंदूपर्यंतही पोचतो, पण तो अपवाद.

गुठळी होण्याची तीन कारणं बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोव यांच्या नावाने आजही शिकवतात. त्यांनी १८५६ मध्ये या विषयावर जे लिहिलं त्यातूनच ती मांडणी आली. रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्त गोठण्याकडे झुकणं. तुमच्या आईच्या बाबतीत तिन्ही एकदम आली. शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवलेला असतो, हाड कापताना आणि पाय वाकवताना शिरेला ताण बसतो, आणि मोठ्या जखमेनंतर काही आठवडे शरीर स्वतःच रक्त गोठवण्याच्या तयारीत असतं. म्हणून ही गुठळी तुमच्या हयगयीने झाली असं मनात आणू नका. प्रतिबंधक औषध घेऊनही काही जणांना ती होतेच.

यावरून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती तुमच्या घरातल्या आरामखुर्चीशी जोडलेली आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक रात्र रात्र भुयारी आसऱ्यांत घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसून झोपत. कीथ सिम्प्सन नावाच्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की बॉम्ब न लागताच काही माणसं मरताहेत, आणि फुप्फुसात गुठळ्या सापडताहेत. खुर्चीची पुढची दांडी गुडघ्यामागे दाबली जात होती आणि पाय तासन्तास लोंबकळत होते. आईला आरामखुर्चीत दुपारभर बसवत असाल तर ते बंद करा. पलंगावर पाय उशीवर किंचित उंच ठेवून झोपू दे, किंवा उठून चालू दे. मधली अवस्था, म्हणजे खुर्चीत पाय खाली सोडून बसून राहणं, सगळ्यात वाईट.

हो, चालू दे. शेजाऱ्यांचा सल्ला जुना आहे, पण तो चुकीचा ठरलेला आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा आम्हीही अशा पेशंटला सात-आठ दिवस बेडवरून हलू देत नव्हतो. नंतर अभ्यासांत दिसलं की औषध नीट चालू असेल तर चालण्याने गुठळी सुटण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट पायाचं दुखणं आणि सूज लवकर उतरते. पोटरीचे स्नायू आकसले की ते शीर पिळून रक्त वर ढकलतात. पडून राहिलं की तो पंप बंद. फिजिओथेरपिस्टने गुडघ्याचे जे व्यायाम दिलेत ते डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. पंजा वरखाली करण्याचा व्यायाम तर बसल्या-झोपल्याही होतो, दर तासाला वीस-पंचवीस वेळा.

आता औषध. इथे मला जास्त बोलायचंय, कारण चुका इथेच होतात.

रिव्हरोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, हेपॅरिनची पोटाच्या कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं, जुनं ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन, यांतलं एकही औषध गुठळी विरघळवत नाही. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावच दिशाभूल करतं. ती गोळी गुठळीवर नवा थर चढू देत नाही, एवढंच तिचं काम. जुनी गुठळी पोखरून काढायचं काम शरीरातलीच यंत्रणा हळूहळू करते, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. तोवर गोळी पहारा देत असते. पहारा एक रात्र उठला तर त्या रात्रीत नवा, मऊ, न चिकटलेला थर चढू शकतो, आणि सुटणारा भाग नेमका तोच असतो.

हा पहारा किती मोलाचा आहे ते १९६० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला दिसलं. बॅरिट आणि जॉर्डन या दोघांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या ३५ रुग्णांवर अभ्यास केला. ज्या १९ जणांना गोठणविरोधी औषध दिलं नव्हतं त्यांतले ५ फुप्फुसातल्या गुठळीने गेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी गेली. औषध दिलेल्या १६ जणांत त्या कारणाने एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी वापरलेलं औषध होतं हेपॅरिन आणि त्यामागून ॲसिनोकुमारॉल, तेच जे आजही आपल्या गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतं. मी हा आकडा प्रत्येक घाबरलेल्या नातेवाइकाला सांगतो. माहीत नसलेली गुठळी आणि औषधाखाली असलेली गुठळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आईची दुसऱ्या प्रकारची आहे.

रिव्हरोक्साबॅनचा नियम असा: पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाविसाव्या दिवसापासून २० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. दोन्ही गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या. रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण गुरुवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र, काही ना काही चालूच असतं. एका आजींनी मला सांगितलं, ‘गोळी चुकवली नाही हो डॉक्टर, निर्जळी होती तरी घेतली.’ त्या दिवसाच्या गोळीचा साधारण एक तृतीयांश भाग वायाच गेला होता. आईचा उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात-आमटी चालेल, पोटभर खाऊन गोळी घ्या. निर्जळी या काळात नको.

पहिल्या २१ दिवसांत एखादी गोळी राहिली, तर आठवताच घ्या. त्या दिवशीचे एकूण ३० मिलिग्रॅम पूर्ण व्हायला हवेत, त्यासाठी दोन गोळ्या एकदम घेतल्या तरी चालतात. पुढे दिवसातून एकच गोळी सुरू झाल्यावर मात्र राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.

गुडघ्याच्या दुखण्याला काय देताय ते पाहा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या या औषधासोबत घेतल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. पॅरासिटामॉल चालेल. मेडिकलमधून ‘अंगदुखीची’ म्हणून आणलेल्या गोळीचं पान उलटं करून आतली नावं वाचा. आईला क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठीचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. या औषधांमुळे रिव्हरोक्साबॅन शरीरातून लवकर निघून जातं. क्रिएटिनिनची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, किडनी बरीच कमजोर असेल तर औषध बदलावं लागू शकतं. आणि आधीपासून ॲस्पिरिन घेत असेल, तर ‘रक्त पातळ करणारी गोळी आहेच की’ असं समजून यातली एक बंद करू नका. ॲस्पिरिन या गुठळीचा इलाज नाही. दोन्ही सोबत चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

काळी डांबरासारखी शौच, लघवीत रक्त, नाकातून न थांबणारं रक्त, किंवा पडून डोक्याला मार, यांतलं काही झालं तर गोळीचं पाकीट हातात घेऊन थेट हॉस्पिटलला जा.

आता ज्या गोष्टीने तुमची झोप उडालीय तिच्याबद्दल. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांतला एक पेशंट मला विसरता येत नाही. अडतीस वर्षांचा शेतकरी, मोटरसायकलवरून पडून घोट्याला प्लॅस्टर, पाच आठवडे झालेले. संध्याकाळच्या ओपीडीत म्हणाला, ‘दोन दिवस झाले, वीस पावलं चाललं की दम लागतो, छातीत धरल्यासारखं होतं.’ छाती स्वच्छ, ईसीजीत फक्त नाडी ११२. पडल्याचं टेन्शन, त्यात ॲसिडिटी, असं समजून मी गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बाथरूममध्ये कोसळला आणि आमच्याकडे आणेपर्यंत संपला होता. प्लॅस्टरच्या वरची मांडी मी पाहिली नव्हती. दम का लागतोय हा प्रश्न मी पुढे विचारलाच नाही. त्यानंतर आजतागायत दम लागलेला माणूस समोर आला की त्याची चादर, धोतर, साडी वर करून दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. शिंप्याची टेप टेबलाच्या खणात असते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असला की तो गांभीर्याने घ्यायचा.

त्याच्या आणि तुमच्या आईच्या परिस्थितीत मोठा फरक आहे. त्याच्या गुठळीचं निदान झालं नव्हतं, औषध नव्हतं. तुमच्याकडे निदान आहे, औषध आहे. तरीही धोका शून्य नाही, म्हणून खुणा पाठ असू द्या. अचानक दम लागणं, विशेषतः काल जेवढं चालता येत होतं तेवढंही आज न जमणं. श्वास आत घेताना कुशीत किंवा पाठीत चमक. खोकल्यातून रक्त. संडासला जोर करताना किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं. विनाकारण धडधड. यांतलं एकही झालं तर ओवा-सोडा, गॅसची गोळी, ‘थोडा वेळ पडून बघू’ यांत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन, आणि हॉस्पिटलच्या दारात पहिलं वाक्य: ‘पायाच्या शिरेत गुठळी आहे, उपचार चालू आहेत.’ त्या एका वाक्याने पुढचे तास वाचतात, कारण डॉक्टर मग सरळ फुप्फुसाच्या सीटी अँजिओग्राफीचा आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) विचार करतात. घरी कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून एकदा आकडा लिहून ठेवा. तो ९४ च्या खाली आला तर निघा. मात्र आकडा ९७ असूनही दम लागत असेल तर आकड्यावर नाही, आईवर विश्वास ठेवा.

डॉप्लरबद्दल थोडं, कारण तुम्ही विचारलंय की दर आठवड्याला करू का. डॉप्लरची मुख्य खूण फार साधी आहे. यंत्राने शिरेवर हळूच दाबलं की निरोगी शीर पापणी मिटावी तशी मिटते, शेजारची धमनी गोलच राहून ठोके देत राहते. गुठळी असलेली शीर मिटत नाही. तीन महिन्यांनी गुठळीचा जो भाग उरतो तो आत व्रणासारखा चिकटून बसलेला असतो, आणि शीर तेव्हाही पूर्ण मिटत नाही. लोक रिपोर्ट वाचतात, ‘अजून आहे’ म्हणून हादरतात. दर आठवड्याच्या डॉप्लरने उपचार बदलत नाहीत, भीती वाढते. सूज अचानक वाढली किंवा दुसरा पाय सुजला तर जरूर करा. एरवी उपचार संपवायच्या वेळी एकदा केलेला पुरतो, पुढे कधी पाय सुजला तर तुलनेला तो रिपोर्ट हाताशी असावा म्हणून.

डी-डायमर (गुठळीचा संशय तपासायची रक्तचाचणी) करायला कुणी सांगितलं तर आत्ता नको म्हणा. ताज्या शस्त्रक्रियेनंतर तो वाढलेलाच असतो. तसंच हजारो रुपयांचं थ्रोम्बोफिलिया पॅनल, म्हणजे रक्त गोठण्याकडे झुकवणाऱ्या दोषांच्या तपासण्या. गुठळी ताजी असताना आणि औषध चालू असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन यांचे आकडे फसवे येतात, आणि तुमच्या आईच्या गुठळीचं कारण समोर दिसतंय. कारण स्पष्ट असलेल्या अशा गुठळीला साधारण तीन महिने औषध पुरतं. कारण न सापडलेल्या गुठळीला, किंवा कॅन्सर चालू असलेल्या माणसाला जास्त काळ द्यावं लागतं, तुमच्याकडे तो प्रश्न नाही. फक्त तीन महिने झाल्यावरही जिना चढताना दम राहिला असेल तर इको करून घ्या. फुप्फुसात नकळत गेलेल्या गुठळ्या काही थोड्या लोकांत विरघळत नाहीत आणि तिथला दाब वाढत जातो, ते वेळेत कळलं तर त्यावर इलाज आहे.

पायावर दाब देणारे लांब घट्ट मोजे सूज आणि जडपणा कमी करायला चांगले. पुढे पाय कायमचा जड राहू नये म्हणून ते सक्तीने दोन वर्षं घालायला सांगायची पद्धत होती, मोठ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. आईला बरं वाटत असेल तर घालू दे, उकाड्यात त्रास होत असेल तर काढू दे.

भावाला सांगा, तिकीट बदलता येण्याजोगं असू दे. दीड महिन्याने जायला हरकत येईलच असं नाही. दोन गोळ्यांचा टप्पा संपलेला असावा, सूज उतरलेली असावी, दम नसावा आणि सर्जन व फिजिशियन दोघांनी हो म्हटलेलं असावं. मी माझ्या पेशंटला अशा लांब प्रवासासाठी शक्यतो तीन महिने पूर्ण होऊ द्या म्हणतो, पण ते माझं सावध मत आहे. जायचं ठरलं तर मधल्या वाटेच्या कडेची सीट, दर तास-दीड तासाने उठून चालणं, भरपूर पाणी, झोपेची गोळी नाही. औषध आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत. वेळ बदलली तरी दोन गोळ्यांमधलं अंतर चोवीस तासांच्या आसपास राहील असं घड्याळ लावा.

तुमच्याबद्दल. ६२ व्या वर्षी शस्त्रक्रियेनंतर झालेली गुठळी ही घराण्याचा वारसा मानायचं कारण नाही. तरी कधी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या असतील, किंवा गौरी-गणपती, लग्न, यात्रेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावीशी वाटली, तर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पाळी लांबवायला दिवसातून तीनदा दिल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढवतो. ‘आईला पायात गुठळी झाली होती’ एवढं स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्या तुमच्यासाठी योग्य ते औषध निवडतील. बाळंतपणाच्या वेळीही हेच सांगायचं, कारण बाळंतपणानंतरचे सहा आठवडे स्त्रीच्या आयुष्यात गुठळीसाठी फार जोखमीचे असतात. आपल्याकडे तेव्हाच तिला बाजेवरून उठू देत नाहीत आणि पाणी कमी पाजतात. ते दोन्ही करू नका.

आज गोळीचा पाचवा दिवस आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजच्या चौकोनात ५ लिहा आणि पुढे २१ पर्यंत मोजत जा. दोन्ही गोळ्या जेवणासोबत झाल्या की त्या चौकोनात दोन खुणा करा. बाविसाव्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनाने ‘२० ची एक’ लिहा, आणि तिचं पाकीट दोन दिवस आधीच घरात आणून ठेवा. त्या सुमाराला गोळ्या संपतात, दुकानदार दुसऱ्याच डोसचं पाकीट देतो, आणि नेमके दोन-तीन दिवस मोकळे जातात. असे मोकळे दिवस मी पुष्कळ पाहिलेत.